फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांतील डिझेल इंजिनाची स्थित्यंतरे : जीपपासून थारपर्यंत
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय मानक सातत्याने न गाठणाऱ्या शहरांची जी यादी या कार्यक्रमासाठी निश्चित करण्यात आली, तीत उल्हासनगर आणि बदलापूर या दोन्ही शहरांचा समावेश होता. येथील हवेच्या अवस्थेस कारखाने, रस्त्यांवरील धूळ आणि उघड्यावर जळणारा कचरा ही जशी कारणे आहेत, तसाच वाहनांचा धूरही कारणीभूत आहे. आणि वाहनांच्या धुरात काजळीचा विचार करावयाचा झाल्यास डिझेल इंजिनाकडे वळावे लागते. दुसरीकडे, मलंगगडाच्या पायथ्याची गावे किंवा बारवी धरणाच्या परिसरातील पाडे यांच्याशी पावसाळ्यात संपर्क ठेवावयाचा तर चिखलातून आणि चढावरून निघू शकणाऱ्या वाहनाला पर्याय नाही, आणि अशा वाहनात गेली चार दशके प्रामुख्याने डिझेल इंजिनच राहिले आहे. एकच यंत्र एका ठिकाणी गरज आणि दुसऱ्या ठिकाणी उपद्रव ठरते. या यंत्रात पिढ्यांगणिक कोणते बदल झाले, ते का झाले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणादाखल महिंद्र अँड महिंद्र या कंपनीची वाहने घेतली आहेत. त्यांचा इतिहास सर्वांत दीर्घ आहे, शिवाय त्यांची इंजिने आपल्या शेजारीच घडली. कल्याण स्थानकातून लोहमार्गाच्या दोन शाखा फुटतात. एक अंबरनाथ-बदलापूरवरून कर्जतकडे जाते, तर दुसरी कसारा घाट चढून इगतपुरीस पोहोचते. या वाहनांची इंजिने बनविणारा कारखाना त्या दुसऱ्या शाखेवर, इगतपुरी येथे आहे.

छावणी, फाळणी आणि जीप

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणी होते. 'कल्याण कॅम्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन झाले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. जीप हे वाहनही त्याच युद्धाचे अपत्य होय. १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या कंपनीतील एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद हे फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि पुढे त्या देशाचे अर्थमंत्री व गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' असे झाले. ज्या उलथापालथीने उल्हासनगर वसविले, तिनेच या कंपनीचे नावही बदलले, हा योगायोग नोंदवून पुढे जाणे योग्य ठरेल.

मुंबईतील माझगाव येथे जोडणी होणाऱ्या प्रारंभीच्या विलीज जीपमध्ये पेट्रोल इंजिन असे. पुढे आलेल्या सीजे-३बी या नमुन्यातील 'हरिकेन' इंजिन सुमारे २.२ लिटर क्षमतेचे होते. त्यात हवा आत घेणारी झडप सिलिंडरच्या माथ्यावर आणि धूर सोडणारी झडप बाजूला ठोकळ्यात बसविलेली असल्याने इंजिनाची उंची वाढली, आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. जुन्या चित्रपटांतून आणि शासकीय कार्यालयांच्या आवारांतून आपण पाहिलेली उंच बॉनेटची जीप ती हीच. इंजिन बदलले की वाहनाचा चेहराही बदलतो, याचे हे पहिले उदाहरण.

दोन घराणी : ट्रॅक्टर आणि प्यूजो

पेट्रोल इंजिन भारतीय परिस्थितीत महाग पडू लागले. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर पेट्रोल व डिझेल यांच्या किमतींतील अंतर हा वाहन निवडण्याचा मुख्य निकष बनला. जीपला डिझेल इंजिन बसविताना कंपनीपुढे एक घरचाच पर्याय होता. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहभागाने तिने ट्रॅक्टर-निर्मितीत प्रवेश केला होता आणि ब्रिटिश घडणीच्या बी-२७५ या ट्रॅक्टरचे इंजिन येथे तयार होत होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंचांहून किंचित अधिक, नेमके सांगायचे तर ३.३७५ इंच, आणि दट्ट्याची धाव ४ इंच. यावरून चार सिलिंडरांचे आकारमान काढल्यास ते सुमारे २३५० घनसेंटिमीटर येते. जीपमध्ये बसविलेल्या इंजिनाचे 'एमडी २३५०' हे नाव याच आकड्यावरून आले.

दुसरा पर्याय फ्रान्समधून आला. प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनू लागलेले 'एक्सडीपी ४.९०' हे इंजिन १९८० च्या दशकात जीपमध्ये आले. येथे नावाचा संकेत निराळा आहे. ४ म्हणजे सिलिंडरांची संख्या आणि ९० म्हणजे मिलिमीटरमधील व्यास. ८३ मिलिमीटर धाव धरून गणित केल्यास २११२ घनसेंटिमीटर आकारमान मिळते. एमएम ५४० या जीपच्या नावापुढे लागणारी 'डीपी' ही अक्षरे याच प्यूजो डिझेलची. पुढे याच कुळातील ९४ मिलिमीटर व्यासाचे व ९० मिलिमीटर धावेचे, २४९८ घनसेंटिमीटरचे 'एक्सडी३पी' इंजिन आले. २००० साली बाजारात आलेल्या बोलेरोची सुरुवात त्यानेच झाली.

या दोन घराण्यांतील भेद केवळ आकाराचा नव्हता, ज्वलनाच्या पद्धतीचा होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटते. प्रश्न उरतो तो फवारा नेमका कोठे सोडावयाचा, हा. प्यूजोच्या इंजिनात सिलिंडरच्या माथ्यावर एक लहान भोवरा-कक्ष असे. इंधन तेथे फवारले जाई, तेथेच पेट घेई आणि जळते वायू एका अरुंद मार्गाने मुख्य सिलिंडरमध्ये येत. हवा व इंधन यांचे मिश्रण चांगले होई, इंजिन मऊ चाले आणि वेगाने फिरू शके. परंतु त्या छोट्या कक्षाच्या भिंती बरीचशी उष्णता शोषून घेत. म्हणून संपीडन गुणोत्तर २० हून अधिक ठेवावे लागे आणि थंड इंजिन सुरू करण्यापूर्वी हीटर प्लग तापू द्यावे लागत. माथेरानच्या डोंगरावरून येणारे पौषातील वारे अंगावर घेत, डॅशबोर्डवरील तारेचा लाल ठिपका उजळेपर्यंत थांबणारे चालक पूर्वी ठाणे जिल्ह्यात सर्वत्र दिसत.

ट्रॅक्टरच्या घराण्याने थेट अंतःक्षेपणाचा मार्ग धरला. या कुळातील पुढच्या 'एमडीआय ३२००' इंजिनात इंधन थेट दट्ट्याच्या माथ्यावरील वाटीत फवारले जाई. उष्णतेचा अपव्यय कमी, म्हणून डिझेलही कमी लागे, हीटर प्लगची गरज सहसा भासत नसे. मात्र ज्वलन एकदम होत असल्याने आवाज व हादरा अधिक. त्याचा व्यास वाढून साडेतीन इंच झाला, पण धाव अगदी तीच, ४ इंच, राहिली. आकारमान २५२३ घनसेंटिमीटर झाले. नावातील ३२०० हा आकडा दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांचा. एकाच कंपनीने एका इंजिनाचे नाव आकारमानावरून, दुसऱ्याचे व्यासावरून आणि तिसऱ्याचे फेऱ्यांवरून ठेवावे, ही बाब वर्गीकरणशास्त्राच्या अध्यापकांस खटकेल यात शंका नाही.

दोघांच्या स्वभावातील फरक एका साध्या गणिताने दाखविता येतो. दट्ट्याची सरासरी गती म्हणजे धावेची दुप्पट गुणिले दर सेकंदाच्या फेऱ्या. एमडीआयसाठी ती सुमारे १०.८ मीटर प्रतिसेकंद, तर ४००० फेऱ्यांवर आपली कमाल ७२.५ अश्वशक्ती देणाऱ्या एक्सडी३पीसाठी १२ मीटर प्रतिसेकंद येते. पहिले शेतात दिवसभर एकाच संथ लयीत राबण्यासाठी जन्मलेले, तर दुसरे फ्रान्सच्या रस्त्यांवरील मोटारींसाठी. ग्रामीण महाराष्ट्राने पसंती बहुतांशी पहिल्याला दिली. ओझे अधिक, वेग कमी आणि दुरुस्ती कोठेही, या तीन अटींत ते बसत होते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. काळ्या-पिवळ्या रंगाच्या ज्या जीपगाड्या, पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना 'वडाप' म्हणतात, खेड्यापाड्यांतून माणसे वाहत असत, त्यांपैकी बहुतेकांत पुढच्या चाकांना शक्ती मिळण्याची सोय नसे. फोर-व्हील ड्राइव्हची यंत्रणा महाग, जड आणि डिझेल खाणारी. तिचे गिऱ्हाईक म्हणजे वनखाते, पोलीस, लष्कर, धरणांची कामे आणि मोजके शेतकरी. इंजिन मात्र दोन्हींत एकच असे. त्यामुळे इंजिनाचा इतिहास दोहोंस समान आहे.

याच काळात पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज टेम्पो ही कंपनी, जिचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, मर्सिडीजच्या 'ओएम ६१६' या डिझेल इंजिनाची परवान्याने निर्मिती करीत होती. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अश्वशक्ती नव्हे, टॉर्क

खडकाळ चढावर किंवा चिखलात वाहनाला लागते ते आघूर्ण, म्हणजे चाक फिरविणारा पीळ; व्यवहारात त्याला टॉर्क म्हणतात. फोर-व्हील ड्राइव्हच्या ट्रान्सफर केसमधील 'लो' गिअर हा पीळ सुमारे अडीच पट करतो, मात्र चाकांचा वेग त्याच प्रमाणात घटतो. कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क देणारे इंजिन असेल तर चालकाला क्लच न दाबता, पाय सैल ठेवून चढ चढता येतो. डिझेल इंजिन या कामी पेट्रोलहून सरस ठरते, ते याच कारणाने.

हा टॉर्क वाढवावयाचा तर सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली पाहिजे. टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवितो आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा दाबून आत ढकलते. २००२ मध्ये नाशिक येथून बाहेर पडलेल्या स्कॉर्पिओतील २६०९ घनसेंटिमीटरच्या टर्बो डिझेलने १०९ अश्वशक्ती दिली. दर लिटरमागे हिशेब केल्यास एक्सडी३पी २९ अश्वशक्ती देत होते, तर स्कॉर्पिओचे इंजिन ४२. मात्र टर्बो म्हणजे नेहमी अधिक शक्ती, असे समीकरण मांडता येत नाही. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारमध्ये जे टर्बो लावलेले एमडीआय इंजिन होते, त्याची शक्ती अवघी ६३ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २५. विनाटर्बो प्यूजोपेक्षाही कमी! येथे टर्बोचा उपयोग शक्तीसाठी नव्हता. कमी फेऱ्यांवर टॉर्क मिळावा आणि हवा पुरेशी असल्याने काळा धूर कमी व्हावा, यासाठी होता.

कॉमन रेल : खरी क्रांती

जुन्या पद्धतीत पंपाचा कॅम फिरला की इंधनाला दाब मिळे आणि नोझलची स्प्रिंग त्या दाबाने उचलली जाई. दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून. वेग मंद तर फवारा जाड, आणि जाड थेंब अर्धवट जळून काजळी होते. एस.टी. बस किंवा जीप स्थानकावरून निघताना काळा लोट सोडते, त्याचे हे कारण. कॉमन रेल पद्धतीत पंपाचे काम केवळ एका सामाईक नळीत इंधन अतिउच्च दाबाने भरून ठेवणे एवढेच उरते. हा दाब १६०० बारच्या घरात, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सोळाशे पट असतो. फवारा केव्हा, किती वेळ आणि किती हप्त्यांत सोडावयाचा, हे संगणकीय नियंत्रक ठरवितो. मुख्य फवाऱ्याआधी अगदी थोडे इंधन सोडल्यास ज्वलन हळुवार सुरू होते आणि डिझेलचा तो परिचित खडखडाट मावळतो. थेट अंतःक्षेपणाची काटकसर आणि भोवरा-कक्षाचा मऊपणा, असे दोन्ही घराण्यांचे गुण येथे एकत्र आले. म्हणूनच भोवरा-कक्ष इतिहासजमा झाला. या यंत्रणेतील इंजेक्टर व नोझल बनविणारा बॉशचा, पूर्वीच्या मायकोचा, कारखाना नाशिकलाच आहे.

स्कॉर्पिओत कॉमन रेल आले ते २६०९ घनसेंटिमीटरच्या त्याच आकारमानात. त्यानंतर ऑस्ट्रियातील एव्हीएल या संस्थेच्या साहाय्याने विकसित केलेले एमहॉक इंजिन आले. ८५ मिलिमीटर व्यास, ९६ मिलिमीटर धाव, २१७९ घनसेंटिमीटर आकारमान आणि ४००० फेऱ्यांवर १२० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे ५५. आकार घटला आणि शक्ती वाढली. २०२० च्या नव्या थारमध्ये या कुळातील २१८४ घनसेंटिमीटरचे इंजिन १३० अश्वशक्ती देते. परंतु चढावरच्या चालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. जुन्या थारच्या कॉमन रेल इंजिनाचा २४७ न्यूटन-मीटर टॉर्क १८०० ते २००० फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात मिळे. नव्याचा ३०० न्यूटन-मीटर टॉर्क १६०० ते २८०० या विस्तीर्ण पट्ट्यात मिळतो. गिअर न बदलता अधिक अंतर काटता येते.

याहून बोधप्रद उदाहरण बोलेरोचे आहे. २०११ मध्ये त्या जुन्या २५२३ घनसेंटिमीटरच्या इंजिनालाच कॉमन रेल जोडण्यात आले. शक्ती ६३ अश्वशक्तीच राहिली. म्हणजे एवढे महागडे तंत्रज्ञान शक्तीसाठी नव्हे, केवळ धूर कमी करण्यासाठी आणले गेले. चार इंची धावेचा हा ट्रॅक्टरवंशीय सांगाडा बोलेरोत २०२० पर्यंत टिकला. त्याला बाहेर काढले ते बाजाराने नव्हे, कायद्याने.

कायद्याची पावले

भारत स्टेज मानकांपैकी तिसरा टप्पा २०१० मध्ये, चौथा एप्रिल २०१७ मध्ये आणि पाचवा वगळून थेट सहावा १ एप्रिल २०२० रोजी देशभर लागू झाला. २००० सालच्या मानकानुसार प्रवासी डिझेल मोटारीने दर किलोमीटरला ०.१४ ग्रॅम कण सोडले तरी चालत. चौथ्या टप्प्यात ही मर्यादा ०.०२५, तर सहाव्यात ०.००४५ ग्रॅम झाली. वीस वर्षांत एकतीस पट घट! नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा चौथ्या टप्प्यातील ०.२५ वरून ०.०८ ग्रॅमवर आली.

अडचण अशी की हे दोन प्रदूषक एकमेकांच्या विरुद्ध वागतात. ज्वलन अधिक उष्ण केले तर काजळी जळून जाते, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. थोडा धूर परत सिलिंडरमध्ये फिरवून ज्वलन थंड केले तर ऑक्साइड घटतात, पण काजळी वाढते. सिलिंडरच्या आत दोन्ही साधत नाही, असे ठरल्यावर सफाईचे काम धुराड्यात न्यावे लागले. कण-गाळणी काजळी अडवून ठेवते आणि ठरावीक काळाने सुमारे ६०० अंश तापमानाला ती जाळून टाकते. काही वाहनांत युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइडांचे विघटन केले जाते. ही उपकरणे गंधकाने निकामी होतात, म्हणून डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणणे तेलशुद्धीकरण कारखान्यांना भाग पडले.

प्रत्येक नियम मात्र असा शास्त्रशुद्ध होता असे नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० घनसेंटिमीटर व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींच्या नोंदणीस मनाई केली. कंपनीने थोड्याच काळात १९९० घनसेंटिमीटरचे एमहॉक बाजारात आणले. ऑगस्ट २०१६ मध्ये मनाई उठली. आकारमान मोजून धूर मोजल्याचे समाधान मिळविण्याचा तो प्रकार होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पूर, वाहतूक कोंडी आणि गॅरेज

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसराची काय अवस्था केली, ते येथील वाचकांस सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. अशा प्रसंगी जुनी यांत्रिक पंपाची जीप तगून राही, कारण तिच्या इंजिनात विजेवर चालणारे जवळपास काहीच नव्हते. सक्षम बॅटरी सोडा, एकदा सुरू झालेले इंजिन बॅटरीविनाही चालत राही. नव्या थारला ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाता येते असे कंपनी सांगते. म्हणजे क्षमता आहे, पण ती संवेदक, तारा व नियंत्रक कोरडे राहण्यावर अवलंबून आहे. एक धोका मात्र दोन्ही पिढ्यांना सारखाच. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेले वाहन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

दुसरा प्रश्न रोजच्या रस्त्याचा आहे. कण-गाळणी स्वच्छ होण्यासाठी वाहन काही काळ सलग वेगाने धावले पाहिजे. कल्याण-बदलापूर रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या आणि दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या वाहनाला ती संधी मिळत नाही. गाळणी तुंबते, इशारा-दिवा लागतो आणि इंजिनाची शक्ती आपोआप कमी केली जाते. घाटासाठी व चिखलासाठी बनविलेले वाहन शहरी कोंडीतच आयुष्य काढू लागले, की त्याची शुद्धीकरण-यंत्रणाच आजारी पडते.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर प्रश्न कारागिराचा. बोअरिंग करणे, रिंगा बदलणे, झडपा घासून बसविणे, नोझलचा फवारा डोळ्यांनी पाहून जुळविणे, ही कौशल्ये उल्हासनगर व अंबरनाथच्या लहान गॅरेजांत गुरु-शिष्य परंपरेने आली. जुन्या पंपात रॉकेलमिश्रित डिझेल गेले तरी तो कुरकुरत चाले आणि कारागीर तो उघडून दुरुस्त करी. कॉमन रेलच्या पंपाला वंगण मिळते ते खुद्द डिझेलपासून. भेसळ किंवा पाण्याचा अंश त्याच्या अतिसूक्ष्म भागांना ओरखडे पाडतो, आणि तो दुरुस्त करण्यासाठी धूळविरहित खोली व चाचणीयंत्र लागते. दोष शोधण्यासाठी स्कॅनर लागतो आणि स्कॅनरची आज्ञावली बहुधा कंपनीच्या ताब्यात असते. सोळाशे बार दाबाच्या नळीची गळती बोटाने तपासण्याची जुनी सवय तर जीवघेणी ठरू शकते. ती धार त्वचा भेदून आत शिरते. आय.टी.आय.मधील 'मेकॅनिक डिझेल' हा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. तेवढ्या अवधीत यांत्रिक पंपही शिकवावयाचा, कारण तशी वाहने व जनित्रे अद्याप चालू आहेत, आणि संवेदक, नियंत्रक व कण-गाळणीही शिकवावयाची. अंबरनाथच्या आय.टी.आय.मधून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती पाना द्यावयाचा की स्कॅनर, ही निवड आता करता येत नाही. दोन्ही द्यावे लागतात. पदवी महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्सचे विभाग या कामी अल्पमुदतीचे वर्ग घेऊन हातभार लावू शकतात. काजळीच्या मापनापासून सेन्सरच्या जोडणीपर्यंतचे विषय त्यांच्या अभ्यासक्रमात आधीच आहेत.

डिझेल इतक्यात नाहीसे होईल अशीही चिन्हे नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून स्वस्ताईचे आकर्षण ओसरले, लहान मोटारींतून डिझेल बव्हंशी हद्दपार झाले. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आलेल्या थार रॉक्समध्ये फोर-व्हील ड्राइव्ह हवी असल्यास ती कंपनीने डिझेल इंजिनासोबतच देऊ केली, पेट्रोलसोबत नाही.